छायाचित्रणातील प्रकाश : फ्लॅश आणि स्वाभाविक उजेड

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेच्या दप्तरी चित्रकलेचे शिक्षक होते. ती नोंद खरीच आहे. पण शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गालगतच्या अडगळीच्या खोलीत, खिडकीला काळे कापड ठोकून, ते आम्हां चार-पाच मुलांना फिल्म धुण्यास शिकवीत, याची नोंद कोठेही नाही. चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली, तेव्हा त्या खोलीतून बाहेर पडल्यावर डोळ्यांना लागणारा लख्ख उजेड मला आठवला आणि विषय आपोआप ठरला. फिल्मवर छायाचित्र घेताना असलेल्या उजेडावर भागवावे, की फ्लॅश वापरावा, या प्रश्नाने माझ्या व्यवसायाची तीस-पस्तीस वर्षे व्यापली आहेत. त्यातील शास्त्र थोडे आहे. चुका मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याचशा माझ्या स्वतःच्या आहेत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आजचा विद्यार्थी डिजिटल कॅमेऱ्याने किंवा हातातील दूरध्वनीने चित्र टिपतो आणि त्याच क्षणी ते पाहतो. फिल्मच्या काळी चित्र टिपणे आणि चित्र पाहणे यांमध्ये दिवस जात. खिडकीतून येणारा उजेड मात्र चित्र टिपण्यापूर्वीही दिसत असे: गालावर सावली कोठे पडते, नाकाखाली काळे किती, डोळ्यांत चमक आहे की नाही, हे सारे डोळ्यांना कळे. फ्लॅशचा उजेड साधारण एक हजारांश सेकंदात येऊन नाहीसा होतो. त्याची सावली कोठे पडली, हे पाहण्याइतका वेळ मानवी डोळ्याला मिळतच नाही. म्हणजे फ्लॅश वापरणारा छायाचित्रकार फिल्म धुवून हाती येईपर्यंत अंधारातच असतो. सर म्हणत, "खिडकीचा उजेड बघावा लागतो, फ्लॅशचा मोजावा लागतो." माझ्या मते दोन्ही प्रकाशांतील मुख्य भेद एवढाच आहे आणि बाकीचे भेद त्यातून निघतात.

मोजावयाचे ते कसे, हे थोडे विस्ताराने सांगतो. कोणत्याही फ्लॅशला एक मार्गदर्शक अंक दिलेला असतो. हा अंक विषयाच्या अंतराने भागला, की भिंगाचे छिद्र किती ठेवावे ते मिळते. समजा, शंभर एएसएच्या फिल्मसाठी फ्लॅशचा अंक मीटरमध्ये २८ आहे. मग पाच मीटरवरील माणसासाठी एफ ५.६, अडीच मीटरवरील माणसासाठी एफ ११ आणि दहा मीटरवर गेल्यास एफ २.८. फिल्मची संवेदनक्षमता चौपट केली, म्हणजे चारशे एएसएची फिल्म भरली, की हा अंक दुप्पट होऊन ५६ होतो. गणित तिसरी-चौथीतील आहे. पण मांडवात, ढोलताशांच्या गजरात, घामाने चष्मा घसरत असताना ते करावे लागे.

या भागाकाराच्या मुळाशी अंतराच्या वर्गाचा नियम आहे. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले, की उजेड निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. लग्नातील सामुदायिक चित्र घेताना पुढची रांग तीन मीटरवर आणि मागची पाच मीटरवर असेल, तर मागच्या लोकांना पुढच्यांच्या एक तृतीयांशाहून किंचित अधिक एवढाच उजेड मिळतो. म्हणून जुन्या अल्बमांत पुढे बसलेल्या मुलांचे चेहरे पिठात बुडविल्यासारखे दिसतात आणि मागे उभे असलेले काका-मामा संधिप्रकाशात गेलेले असतात. उपाय सोपा आहे: मागे सरावे. पुढची रांग सहा मीटरवर आणि मागची आठ मीटरवर ठेवली, की मागच्यांना पुढच्यांच्या छप्पन टक्के उजेड मिळतो, आणि कृष्णधवल निगेटिव्ह एवढा फरक पोटात घालते. मात्र तेवढ्या अंतरासाठी फ्लॅश दांडगा हवा किंवा फिल्म वेगवान हवी. सूर्याच्या बाबतीत ही अडचणच येत नाही. तो इतका दूर आहे, की पहिल्या आणि शेवटच्या रांगेतील दोन मीटरांना त्याच्या हिशेबी काही अर्थ उरत नाही. शाळेचे वार्षिक सामुदायिक चित्र मैदानात काढण्याची प्रथा पडली, ती केवळ जागेच्या सोयीसाठी नव्हे.

आता माझ्या पहिल्या मोठ्या चुकीविषयी. १९७४ साली एका परिचितांच्या घरचे लग्न मी उसन्या कॅमेऱ्याने आणि उसन्या फ्लॅशने टिपले. कॅमेरा पस्तीस मिलिमीटरचा, कापडी पडद्याच्या शटरचा होता. उत्साहाच्या भरात शटर १/१२५ वर राहिले. फिल्म धुतली, तेव्हा अंतरपाट दूर होण्याच्या क्षणापासून सप्तपदीपर्यंतच्या प्रत्येक चित्राचा एक अर्धा भाग कोरा होता. कागदावर छापल्यावर तो काळा उमटला. ज्या बाजूला वधू उभी होती, नेमकी तीच बाजू. वराचे वडील काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते. मुलीच्या आईने मात्र ती चित्रे एकेक करून पाहिली आणि विचारले, "माझी मुलगी कुठे आहे हो यात?"

मी निगेटिव्ह घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी रागावण्याऐवजी दप्तराच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेतले आणि टेबलावरच्या एका पोस्टकार्डावरून एकामागोमाग एक सरकवून दाखविले. अशा शटरमध्ये दोन पडदे असतात. पहिला पडदा सरकून फिल्म उघडी करतो, दुसरा त्यामागून येऊन ती झाकतो. वेग कमी असेल, तर पहिला पडदा पार पलीकडे पोहोचतो, संपूर्ण फिल्म क्षणभर उघडी राहते आणि मग दुसरा निघतो. वेग वाढविला, की दुसरा पडदा पहिल्याच्या पाठोपाठच निघतो आणि फिल्मवरून केवळ एक फट सरकत जाते. सूर्यप्रकाशाला त्याने काही बिघडत नाही, कारण फट सरकत असताना सूर्य चालूच असतो. फ्लॅश मात्र एकदाच लखलखतो, आणि तोही पहिला पडदा पलीकडे पोहोचल्यावर. त्या क्षणी दुसऱ्या पडद्याने जेवढा भाग झाकला असेल, तेवढा अंधारात राहतो. अशा बहुतेक कॅमेऱ्यांत १/६० हाच फ्लॅशसाठी सर्वांत अधिक वेग असे. शटरच्या चकतीवर तो आकडा निराळ्या रंगात किंवा खुणेसह कोरलेलाही असे. माझ्या उसन्या कॅमेऱ्यावरही तो होता. मी तो पाहिला नव्हता.

ही मर्यादा लहान वाटते, पण तिचे परिणाम दूरवर जातात. आपल्याकडील माध्यान्हीचे ऊन घ्या. शंभर एएसएच्या फिल्मवर स्वच्छ उन्हात १/१२५ आणि एफ १६ हे ठोकळ प्रमाण. या उन्हात माणूस उभा केला, की डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली काळे डाग पडतात. ते उजळण्यासाठी भर दुपारी फ्लॅश लावावा लागतो. पाहणारे हसतात, पण कारण हे आहे. कापडी शटरवर वेग १/६० ठेवला, की छिद्र एफ २२ करावे लागते. मग २८ अंकाचा फ्लॅश जेमतेम सव्वा मीटरपर्यंत पुरतो, आणि सावली केवळ सौम्य करावयाची म्हटले तरी पावणेदोन मीटरच्या पलीकडे नाही. याउलट रोलायफ्लेक्स, याशिकामॅट अशा दुहेरी भिंगाच्या कॅमेऱ्यांत शटरची पाती भिंगातच असतात आणि कोणत्याही वेगाला पूर्ण उघडतात. तेथे १/५०० आणि एफ ८ चालते. तोच फ्लॅश साडेतीन मीटर पुरतो आणि सावली उजळण्यापुरता पाच मीटरही. पस्तीस मिलिमीटरचे हलके कॅमेरे आल्यावरही जुने स्टुडिओवाले ते चौकोनी, जड यंत्र गळ्यातून उतरवीत नसत, त्याला मी पूर्वी जुनाटपणा समजत असे.

कृत्रिम उजेडाचा इतिहास मोठा रंजक आहे. येथे धावता उल्लेख करतो. नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८६१ च्या सुमारास पॅरिसच्या भूमिगत अस्थिगृहांत विजेच्या कमानदिव्याने चित्रे घेतली. एकेका चित्राला अठरा-अठरा मिनिटे लागत, म्हणून जिवंत माणसाऐवजी त्याने कपडे घातलेले पुतळे उभे केले. १८८७ मध्ये जर्मनीत मिएथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची स्फोटक भुकटी तयार केली. न्यूयॉर्कमधील वार्ताहर जेकब रीस याने ती घेऊन गरीब वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्या टिपल्या आणि १८९० साली त्या पुस्तकरूपाने जगापुढे आणल्या. त्या खोल्यांना खिडक्याच नव्हत्या. तेथे स्वाभाविक उजेडाची वाट पाहणे म्हणजे त्या माणसांना कायमचे अंधारात ठेवणे होते. फ्लॅशला सरसकट नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पुढे १९२९ च्या सुमारास काचेच्या फुग्यातील बल्ब आला. त्यात धातूचा पत्रा किंवा तार प्राणवायूत जळे. धूर गेला, पण एक बल्ब एकदाच चाले. त्यानंतर हॅरॉल्ड एजर्टन यांच्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा लखलखणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घडला.

बल्बच्या काळातील काटकसर कशी असे, याची साक्ष आमच्या वडोदऱ्यात होती. होमाई व्यारावाला यांनी दिल्लीत स्वातंत्र्याच्या आगेमागे जी चित्रे टिपली, ती आज साऱ्या देशाची ठेव आहे. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी याच शहरात घालविली आणि २०१२ मध्ये येथेच त्या निवर्तल्या. स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा, प्लेटा आणि बल्ब सांभाळत, साडी नेसून त्या समारंभांत वावरत. प्रत्येक उजेडाला एक बल्ब खर्ची पडतो म्हटल्यावर बोट दाबण्यापूर्वी माणूस विचार करतो. आजच्या मुलांना मी हे सांगतो, तेव्हा ती सौजन्याने ऐकून घेतात.

फ्लॅश नाकारण्याची सर्वांत प्रसिद्ध उदाहरणे महात्मा गांधींच्या सहवासातील आहेत, आणि योगायोगाने दोन्ही महाराष्ट्रातील आहेत. सेवाग्रामला त्यांचे नातलग कानू गांधी यांना चित्रे घेण्याची परवानगी मिळाली, ती तीन अटींवर: फ्लॅश वापरावयाचा नाही, बापूंना कोणताही पवित्रा घ्यावयास सांगावयाचा नाही आणि आश्रमाकडून पैसे मागावयाचे नाहीत. छायाचित्रकाराच्या दृष्टीने या अटींचा अर्थ काय होतो, ते पाहा. मातीची कुटी, लहान खिडक्या, त्या काळच्या मंद फिल्म्स. खोलीत खिडकीलगत उत्तम उजेड असला, तरी शंभर एएसएला एफ २.८ आणि १/६० च्या आसपास जावे लागते; दोन-तीन मीटर आत सरकले, की १/८ सेकंद. तेवढ्या वेळात हात हलतो, मान वळते. म्हणून अशा परिस्थितीतील छायाचित्रकार उजेडाच्या पाठीमागे फिरतो. माणूस दाराशी येईपर्यंत, ओसरीवर बसेपर्यंत तो थांबतो. अट फ्लॅशविषयी होती. तिने नकळत धीर शिकविला असावा, असे मला वाटते.

दुसरे उदाहरण १९४६ चे, पुण्याचे. मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार बाईंना चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचे चित्र हवे होते. प्रखर उजेड त्यांना आवडत नसल्यामुळे केवळ तीन बल्बांची मुभा मिळाली. पहिले दोन प्रयत्न काही ना काही कारणाने फसले. तिसऱ्याने काम केले. आता त्या प्रसिद्ध चित्राकडे पाहा. पुढे चरखा, मागे वाचीत बसलेले गांधीजी आणि त्यांच्याही मागे खिडकीचा शुभ्र उजेड. त्यात फ्लॅश असल्याचे सांगितल्याशिवाय सामान्य माणसाच्या लक्षातही येणार नाही. चित्राचा जीव खिडकीत आहे. एक विचार या दोन्ही कथांवरून मनात येतो. चित्र घेणाऱ्याच्या सोयीपलीकडे, ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याच्या डोळ्यांचाही काही हक्क आहे. बारशाच्या दिवशी तान्ह्या मुलाच्या तोंडावर एकामागून एक लखलखणारे फ्लॅश पाहिले, म्हणजे मला त्या अटींची आठवण होते.

खोलीतील दोन्ही उजेड एकाच चित्रात आणण्याची युक्ती फार थोडे लोक वापरीत, आणि ती अवघड मुळीच नाही. भिंगाचे छिद्र दोन्ही उजेडांना आवरते. शटरचा वेग मात्र केवळ खोलीतील उजेडाला आवरतो, कारण फ्लॅश शटरपेक्षा पुष्कळच त्वरित संपतो. म्हणून देवघरातील समयांचे चित्र घेताना शटर १/६० ऐवजी १/८ वर ठेवावे. फ्लॅश चेहरा उजळील आणि उरलेल्या वेळात समयांचा उजेड फिल्मवर झिरपेल. नुसत्या १/६० वर ज्योती टाचणीएवढ्या उरतात आणि मागची खोली विहिरीसारखी काळी होते. रंगीत फिल्ममध्ये मात्र एक गोम आहे. ती दिवसाच्या उजेडासाठी, म्हणजे सुमारे ५,५०० केल्व्हिनसाठी बनविलेली असते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश त्याच्या जवळपास असतो, तर घरातील पिवळा दिवा २,८०० च्या आसपास. त्यामुळे चेहरा स्वच्छ आणि मागची भिंत हळदीसारखी येते. ट्यूबलाइटखाली तीच भिंत हिरवट होते. समयांच्या बाबतीत हा पिवळेपणा गोड दिसतो. कार्यालयाच्या भिंतीवर दिसत नाही.

फ्लॅश कठोर दिसतो, याचे कारण तो कृत्रिम आहे हे नसून तो लहान आहे, हे आहे. तळहाताएवढ्या काचेतून निघालेला उजेड सुरीसारखी धारदार सावली पाडतो. चार फूट रुंदीच्या खिडकीचा उजेड गालावरून वळत जातो. म्हणून फ्लॅशचे तोंड पांढऱ्या छताकडे वळविले, की छतच मोठा दिवा होते. त्यात बराच उजेड वाया जातो, छिद्र एक-दोन घरे उघडावे लागते, आणि छत निळे किंवा गुलाबी असल्यास साऱ्या वऱ्हाडाचे चेहरे तसे होतात, हेही सांगून ठेवतो. चित्रपटसृष्टीत या विचाराचे अत्यंत सुंदर उदाहरण आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या 'अपराजितो'साठी काशीतील घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला होता. वरून आकाशाचा मऊ, सावलीविरहित उजेड हवा होता. छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरे कापड ताणून बसविले आणि दिव्यांचे झोत खालून त्यावर टाकले. परतून आलेला उजेड पाहून ते घर काशीतच आहे, असे वाटते. सर आम्हांला याच तत्त्वावर एक धुवट पांढरे धोतर दोघांकडून ताणून धरावयास लावीत आणि खिडकीसमोर बसलेल्या मुलाच्या अंधाऱ्या गालावर त्यातून उजेड परतवीत. खर्च शून्य.

येथे आणखी एक विषयांतर करतो. युरोपीय पुस्तकांत स्टुडिओला उत्तरेची खिडकी असावी, असे सांगितलेले असते, कारण तेथे उत्तरेकडून थेट ऊन कधी येतच नाही, असे गृहीत धरले जाते. वडोदरा कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आमच्याकडे मध्यान्हीचा सूर्यही उत्तरेस असतो, आणि उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळ तो उत्तरेच्या खिडकीतून डोकावतो. पुस्तकावर विश्वासून मी बांधलेल्या माझ्या लहानशा स्टुडिओला अखेर बांबूचा पडदा लावावा लागला.

आता ज्या दोन चित्रांसाठी हे सारे सांगितले, त्यांच्याकडे येतो. १९८१ साली सर निवृत्त झाले. निरोप समारंभाची चित्रे घेण्याचे काम माझ्याकडे आले. चित्रकलेच्या वर्गात सारे शिक्षक फळ्यासमोर उभे राहिले; मी कॅमेऱ्यावरच फ्लॅश बसवून चित्र घेतले. फ्लॅश भिंगाच्या इतका जवळ, की सरांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांवरून उजेड सरळ परत आला. त्या चित्रात सरांना डोळे नाहीत, दोन पांढऱ्या चकत्या आहेत. हनुवटी किंचित खाली करा, एवढे सांगितले असते किंवा फ्लॅश हातभर वर धरला असता, तर भागले असते. पण गुरूला मान खाली घालावयास सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि फ्लॅश वर धरण्याचे सुचले नाही.

त्यानंतर मंडळी चहासाठी बाहेर पडली. फ्लॅशचा लाल दिवा अजून पेटला नव्हता. सेल थकले होते. सर खिडकीपाशी एकटेच उभे राहून ब्रश पुसत होते. मी फ्लॅश काढला, छिद्र पूर्ण उघडले, शटर १/१५ वर नेले आणि बाकाला कोपर टेकून एकच चित्र घेतले. ब्रश धरलेला हात हलला आहे. चेहऱ्याची एक बाजू गडद आहे. तेथे उजेड परतवावयास पांढरे धोतर धरणारे कोणी नव्हते. डोळे मात्र आहेत आणि ते खाली, कामाकडे पाहत आहेत. ते चित्र या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापले आहे.

अनेक वर्षे मी पहिले चित्र फसलेले समजत असे. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या इतिहासाचे काम निघाले, तेव्हा कार्यालयाने तेच मागितले. खिडकीच्या चित्रात सर आहेत आणि अंधार आहे. त्या खोलीत आणखी काय होते, ते त्यातून कळत नाही. फ्लॅशच्या चित्रात मागच्या फळ्यावरील तारीख वाचता येते, भिंतीवरची मुलांची चित्रे दिसतात, आणि त्या वर्षीच्या अकरा शिक्षकांचे चेहरे ओळखू येतील इतके स्पष्ट आहेत. त्यांपैकी बहुतेकांचे दुसरे कोणतेही चित्र शाळेकडे नाही. फ्लॅशने सरांचे डोळे घेतले आणि इतरांना ठेवले.

दोन्ही चित्रे एकाच पट्टीवर शेजारी शेजारी आहेत, क्रमांक २२ आणि २३. मूळ निगेटिव्ह मी शाळेच्या स्वाधीन केली असून ती आम्लरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या कपाटात ठेवावी, अशी विनंती केली आहे. क्रमांक २२ चे चित्र पुस्तिकेच्या अखेरच्या पानावर आहे. त्यातील नऊ जणांची नावे कार्यालयात लिहून दिली आहेत. मागच्या रांगेत उजवीकडून तिसरे आणि अगदी टोकाला उभे असलेले, अशा दोघांना मी ओळखू शकलो नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणास ते आठवत असतील, तर त्यांनी कृपया कार्यालयास कळवावे.